रत्नागिरी जिल्हा लागला

माणसानं मूर्खपणा करावा, पण थोडका करावा. मी केला तो आठ महिन्यांचं पोट घेऊन केला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून मी दुबईच्या खाडीत नांगरलेल्या एका गलबतात जाऊन बसले. ते गलबत म्हणजे रत्नागिरी जिल्हा आहे असं मला एका माणसानं सांगितलं होतं, आणि मला ते पटलं होतं. वय एकोणीस, शिक्षण सातवी. जिल्हे जागच्या जागी राहतात असं सातवीच्या भूगोलात दिलेलं होतं, पण भूगोलावर माझा कधीच भरवसा नव्हता.

तो माणूस म्हणजे त्या गलबताचे नाखवा. नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडं आता आखातभर पसरली आहेत आणि सगळी माझ्याशी भांडायला मोकळी आहेत. आम्ही त्यांना नाखवाचाचा म्हणत असू. उंची बेताची, दाढी मिठासारखी, आणि चालणं असं की जमिनीवरही पायाखाली लाट आहेसं वाटावं. धक्क्यावरून गलबतावर चढायला एक अरुंद फळी टाकलेली असे. फळीच्या टोकाला चाचा उभे. चढणाऱ्याचं कोपर डाव्या हातानं धरायचं, त्याचा तोल सावरेपर्यंत सोडायचं नाही, आणि एसटीचा कंडक्टर गावाचं नाव पुकारतो त्या सुरात म्हणायचं, "संभाळून. रत्नागिरी जिल्हा लागला."

उतरताना पुन्हा कोपर. "जिल्हा संपला. आता तुमचं तुम्ही बघा."

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. थट्टेत सुरू केलेली गोष्ट तो इतकी वर्षं चालवतो की थट्टा कधी संपली ते त्यालाही कळत नाही.

हा जिल्हा स्थापन कसा झाला, तेही चाचाच सांगत. एकदा त्यांच्या दोन खलाशांत तव्यावरच्या माशाच्या शेवटच्या तुकड्यावरून मारामारी झाली. एकाचं डोकं फुटलं. दुबईत तेव्हा शेखच्या माणसांना शेखचा कायदा होता, आणि आमच्यासारख्या बाहेरच्यांचे तंटे इंग्रज साहेबाच्या कोर्टात जात. त्या कोर्टातही बरीचशी कलमं आपल्याच मुलखातून आणलेली आहेत असं लोक सांगत. बाजारात रुपये चालत, तशी कोर्टात कलमं. चाचा दोघांना घेऊन तिथं गेले. दारावरच्या मुन्शीनं डोकं पाहिलं, तुकड्याची हकिगत ऐकली आणि वैतागून म्हणाला, "गलबत तुमच्या देशात नोंदलेलं, झगडा तुमच्या माणसांचा. तुमचा कायदा तुमच्या गलबतावर. जा, तिथंच मिटवा."

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, आपल्याला हाकललं. चाचांना वाटलं, आपल्याला जिल्हा मिळाला.

तेव्हापासून त्या गलबतावर रीतसर राज्य सुरू झालं. चपला-बूट फळीच्या अलीकडे. एक मालवाहू कंपनीचा गोरा साहेब बूट काढेना, तर चाचांनी त्याच्याशी सगळा व्यवहार फळीच्या दोन टोकांना उभं राहून, ओरडून केला. दारू बंद, कारण मुंबई सरकारची बंदी रत्नागिरीला लागू आणि रत्नागिरीची गलबताला. भांडण झालं तर दोघांनी समोरासमोर बसून कांदे सोलायचे. डोळ्यांतून पाणी आलं की समेट झाला असं धरायचं. शुक्रवारी नमाजानंतर दुबईच्या देरा भागातले आमचे सगळे कोकणी लोक तिथं भात-सुकट खायला जमत. एक इराणी चहावाला दर शुक्रवारी फळीशी येऊन विचारी, "चाचा, मे आय कम इन रत्नागिरी?" एवढं एकच इंग्रजी त्याला येत होतं.

माझी त्या जिल्ह्यातली पहिली भेट फजितीची. हिंदुस्थानात तेव्हा चौदा कॅरेटच्या वर सोन्याचे दागिने घडवायला बंदी आली होती. मी नवी नवरी, हातात बावीस कॅरेटच्या बांगड्या. चाचांनी कोपर धरलं, बांगड्यांकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "जिल्ह्यात ह्ये चालायचं नाय गो."

मी तिथल्या तिथं बांगड्या काढल्या, धक्क्यावर उभ्या असलेल्या आमच्या घरमालकिणीच्या हाती दिल्या आणि मग चढले. पुढं चार महिने दर शुक्रवारी मी बांगड्या काढून गलबतावर गेले. कायदा घडवण्यापुरता होता, घालण्याला नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी बांगड्या काढताना जो शहाणा चेहरा करी तो बघायला लोक वेळेवर येत.

घरमालकीण म्हणजे खालाबी. दाभोळची विधवा बाई, तिच्या दोन खोल्यांतली एक आमच्याकडे होती. आमच्याकडे म्हणजे माझ्याकडेच. माझे मालक तेल कंपनीच्या बेटावर कोठारात कारकून होते आणि महिनोन्‌महिने तिकडेच. बेट अबूधाबीच्या पलीकडं समुद्रात. तिथं सगळे पुरुष. बाईमाणसानं त्या बेटावर पाय ठेवायचा नाही असा कंपनीचा नियम होता. नियम लंडनला झालेला, पाळायचा इथल्या वाळूवर.

मला आठवा लागला आणि मला माहेर आठवायला लागलं. आठवायला लागलं हा सौम्य शब्द आहे. मी रोज सकाळी उठून रडे आणि संध्याकाळी दमून थांबे. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात कुराणात नसलं तरी त्याच्या शेजारच्या फळीवर ठेवलेलं असतं. मेलबोटीच्या माणसानं माझं पोट पाहून मान हलवली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आठव्या महिन्याची बाई घेत नाही. डॉक्टरनं मला पाहून चिठ्ठीऐवजी सल्ला दिला.

पावसाळा सरून दर्या खुला झाला होता. चाचांचं गलबत परत निघणार होतं. आधी पश्चिमेला कंपनीच्या बेटावर बकऱ्या, कांदे आणि गोडं पाणी उतरवायचं, मग वळून सरळ रत्नागिरी. माझ्या डोक्यात तेव्हा जे काही होतं त्यानं हिशोब केला. बेटावर नवरा दिसेल. रत्नागिरीला आई दिसेल. आणि वाटेत काही झालंच, तर गलबत म्हणजे जिल्हाच आहे. म्हणजे कुठंही झालं तरी माहेरीच झालं.

निघायच्या सकाळी मी पेटी घेऊन गेले, चाचांचं लक्ष नाही असं पाहून फळी चढले, आणि कांद्याच्या पोत्यांवर बैठक मारली.

"उतर," चाचा म्हणाले.

"नाय उतरत."

"ह्ये गलबत हाय. दवाखाना नाय."

"ह्यो जिल्हा हाय. तुमीच म्हणता. मी माझ्या जिल्ह्यात बसलंय. उतरवायचं तर रत्नागिरीचा फौजदार आणा."

खलाशी तोंडं लपवायला दोरखंडांकडे वळले. चाचा दाढी खाजवत राहिले. आपणच लावलेल्या झाडाची फांदी आपल्याच डोक्यात पडावी तसा चेहरा. तेवढ्यात धक्क्यावरून खालाबीचा आवाज आला, "बोलायचा होता ना कायदा? आता पाळा." तिच्या काखेत तिचं गाठोडं होतं. तिलाही दाभोळला जायचं होतं, असं ती म्हणाली. ते खोटं होतं. तिचं दाभोळला कुणी उरलं नव्हतं.

चाचांनी तिचं कोपर धरलं आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "लागला जिल्हा. अल्ला राखो."

त्या प्रवासातलं मला पाणी आठवतं. दर्या इतका उथळ आणि स्वच्छ की गलबताची सावली खाली तळावरून आमच्याबरोबर चालत होती. मी कठड्याला टेकून ती बघत बसे. वाटे, आपण दोन गलबतांत आहोत. वरच्यात मी आणि बकऱ्या, खालच्यात माझी आई, आणि दोन्ही बरोबरच पोचणार. माहेरी जायला मी माहेराच्या उलट दिशेला चालले आहे हे सूर्य रोज समोर मावळून सांगत होता. मला ते कळत नव्हतं. मला वाटे, मावळतो तर मावळो.

बेटाची आधी ज्योत दिसली. तेलाबरोबर निघणारा वायू तिथं दिवसरात्र जळायचा. दिवसाउजेडी ती ज्योत फिकट, कुणीतरी विझवायची विसरल्यासारखी. मग खाली पांढरी वाळू उगवली, मग पत्र्याची छपरं.

नांगर टाकला. कंपनीची लाँच आली आणि तिच्यातून माझे मालक हातात पेन्सिल घेऊन गलबतावर चढले. त्यांना बकऱ्या मोजायच्या होत्या. मोजत मोजत ते माझ्यापाशी आले आणि थांबले.

"ही कोण?" ते म्हणाले. बायको ओळखायला माणसाला इतका वेळ लागू नये, पण बकऱ्यांच्या रांगेत ती असेल अशी अपेक्षा नव्हती, असं ते पुढं जन्मभर म्हणत आले.

"या जावयबापू," चाचा म्हणाले. "वहाणा काढा. सासुरवाडी हाय."

मालक माझ्यावर रागावणार होते. पण सासुरवाडीत रागवायचं कसं, हा प्रश्न पडला असावा. संध्याकाळपर्यंत ते माझ्याशेजारी बसून राहिले. बकऱ्या पुन्हा मोजाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी माल उतरून झाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कळा सुरू झाल्या. महिनाभर आधी.

खालाबीनं चार पोरं सोडवली होती, पण तिनं पोट चाचपलं आणि हात मागं घेतला. बाहेर जाऊन ती चाचांना जे बोलली ते मला फळ्यांच्या फटीतून ऐकू आलं. "पायाळू हाय. पाय खाली. ह्ये माझ्या हातचं काम नाय. डॉक्टर पायजे."

डॉक्टर होता. तीनशे हातांवर, वाळूच्या पलीकडच्या पांढऱ्या इमारतीत. गोरा, तरणा. माझे मालक पाण्यातून धावत किनाऱ्याला गेले आणि बेटाच्या मुख्य साहेबाला घेऊन आले. साहेब जीपमधून उतरला आणि पाण्याच्या काठाशी उभा राहिला. गलबत हाकेच्या अंतरावर. मधे कमरेएवढ्या पाण्यात माझे मालक, दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे नेत.

साहेब वाईट माणूस नव्हता. वरून आलेला नियम न सांडता खाली पोचवायचा, एवढीच त्याला सवय होती. बाई बेटावर आणता येणार नाही. डॉक्टर बेट सोडून जाऊ शकत नाही, कारण शेकडो कामगारांमागे तो एकटाच. वायरलेसवरून विचारता येईल. उत्तर उद्यापर्यंत येईल.

उद्यापर्यंत मी राहीन की नाही याबद्दल खालाबीची शंका तिच्या तोंडावर होती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मला वाटत होतं की आपण माहेरी आहोत आणि माहेरी कुणी मरत नसतं.

चाचा गलबताच्या पुढच्या टोकावर जाऊन उभे राहिले. हा पुढचा भाग मी पाहिलेला नाही. मी आत ओरडत होते. पण मालकांनी तो इतक्यांदा सांगितला की आता मी पाहिल्यासारखाच सांगते.

"जावयबापू, साहेबाला विचारा, बाईनं बेटावर पाय ठेवायचा नाय, बरोबर?"

बरोबर, असं उत्तर आलं.

"आणि डॉक्टरनं बेट सोडायचं नाय, बरोबर?"

बरोबर.

"मग ह्ये बेट कुठवर? त्येवढं सांगा."

साहेबानं खाली पाहिलं. त्याच्या बुटांशी लाट येऊन परत जात होती. असा प्रश्न त्याला लंडननं कधी विचारला नव्हता. त्यानं बोटानं दाखवलं. इथवर. पाणी लागेपर्यंत.

"पाणी लागेपर्यंत बेट," चाचांनी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "साहेबाचा शब्द झाला. आता पाण्याचं मी बघतो."

भरती चढत होती, आणि साधी नव्हे. पुनवेचं उधाण होतं. चाचांनी नांगर उचलायला सांगितला. सुकाणूवरचा तांडेल त्यांच्याच गावचा, तीस वर्षांचा सोबती. तो जागचा हलला नाही.

"चाचा, उधाणाच्या माथ्यावर चढवलं तर पुढच्या उधाणापर्यंत उतरायचं नाय. पंधरवडा. कणा राहायचा नाय हिचा."

"ठावं हाय."

"घरदार हाय तुमचं ह्ये."

"तिचं माहेर हाय," चाचा म्हणाले. "चल, यल्ला."

इंजिन सुरू झालं. भरतीच्या अगदी शेवटच्या पाण्यावर चाचांनी ते गलबत सरळ बेटावर घातलं. खालून वाळू लागली तेव्हा आवाज आला तो मी ऐकला. मोठं जनावर गुडघे टेकून बसतं तसा. सगळं पुढं सरकलं. मग थांबलं.

मालक सांगत, साहेबाच्या तोंडाचा आ झाला होता. गलबत अजून पाण्यात होतं, म्हणजे बेटावर नव्हतं. पण भरती माथ्यावर येऊन थांबली होती, आणि आता पाणी उतरायला लागलं. जितकं पाणी उतरे तितकं बेट साहेबाच्या शब्दाप्रमाणं वाढे. डॉक्टर बॅग घेऊन काठाशी उभा. लाट मागं गेली की तो एक पाऊल पुढं टाकी. पुढची लाट अलीकडेच थांबे. तो आणखी एक पाऊल टाकी. ओली वाळू, दुपारचं पांढरं ऊन, आणि एक माणूस समुद्राच्या मागून हळूहळू चाललेला. किनाऱ्यावर शेकडो कामगार येऊन उभे राहिले होते.

मग मी आत एक किंकाळी फोडली. डॉक्टरनं बूट काढले, नाड्या बांधून गळ्यात अडकवले, पाटलोण वर केली आणि उरलेलं पाणी तसंच तुडवत निघाला. साहेब वळून ज्योतीकडे बघत राहिला. ती नीट जळते आहे की नाही हे तपासणं त्याला त्याच क्षणी गरजेचं वाटलं.

शिडीच्या वर चाचा उभे होते. डॉक्टर चढला तसं त्यांनी त्याचं कोपर धरलं, तोल सावरेपर्यंत सोडलं नाही, आणि नेहमीच्याच सुरात म्हणायला गेले. "संभाळून, साहेब. रत्नागिरी... जिल्हा लागला."

"थँक यू," डॉक्टर म्हणाला आणि आत आला.

पाणी उतरलं तसं गलबत एका अंगावर कलायला लागलं. खालाबीनं पाठीनं डॉक्टरला टेकू दिला आणि पाय आमच्या शिध्याच्या कांद्यांच्या पोत्याला रोवले. एक सुटा कांदा घरंगळत माझ्या उशाशी येऊन थांबला. तो मी हातात घट्ट धरला होता असं म्हणतात. बाळ आधी पाय घेऊन आलं, आल्याआल्या उभं राहायचं असल्यासारखं. मग बराच वेळ काहीच नाही. डॉक्टर काय करत होता ते मला दिसलं नाही, दिसली ती खालाबी, ओठ हलवत असलेली. आणि मग एक रडं, बारीक, मांजराच्या पिलासारखं. बाहेर वाळूवरून मोठा गलका उठला. मालक आले आणि कललेल्या फळ्यांवर एक पाय वाकवून, तिरके उभे राहून त्यांनी मुलाच्या कानात अजान दिली. माझा थोरला अजूनही फोटोत जरा डावीकडे झुकून उभा राहतो.

पुढचा पंधरवडा मला खरा वाटत नाही, पण तो झाला.

साहेबाला वर काहीतरी कळवायचं होतं. त्यानं गलबताभोवती तेलाची रिकामी पिंपं मांडून घेतली, गोल. पिंपांच्या बाहेर कंपनी. पिंपांच्या आत काय, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि विचारलंही नाही. समुद्रात बेट, बेटावर पिंपांचं कुंपण, कुंपणात कललेलं गलबत, आणि त्यात मी पाळण्याला दोरी बांधून बसलेली. पाळणा सरळ टांगला होता, घर वाकडं होतं. चाचा रोज उन्हाला पिंपांच्या आतून एक फेरी मारत, हात मागं बांधून, हद्द पाहणाऱ्या मामलेदारासारखे.

संध्याकाळी काम सुटलं की बेटावरचे आमचे लोक पिंपांपाशी येत. राजापूरचे, दापोलीचे, श्रीवर्धनचे. वर्ष वर्ष घर न पाहिलेले. पिंपांपाशी वहाणा काढत, शिडी चढत, चाचा प्रत्येकाचं कोपर धरून जिल्हा लागल्याचं सांगत, आणि ते येऊन कललेल्या फळ्यांवर पाय अडवून बसत. खालाबी भात टाकी. तो वास, बाळाचं रडणं, बाईमाणसाचा आवाज. एक राजापूरचा वेल्डर रोज यायचा, बाळाचं दुपटं दुरून बघायचा आणि जायचा. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "भाबी, जरा ओरडाल काय माझ्यावर? घरच्यासारखं." मी त्याला पाय धुवून न आल्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं. तो समाधानानं गेला. मग रांगच लागली. त्या पंधरवड्यात मी जितकी माणसं झापली तितकी पुढं संसारातही झापली नाहीत.

मलबारी येत, बलुची येत. डॉक्टर रोज येई, बूट हातात घेऊन. साहेब एकदाच आला. पिंपांच्या बाहेर थांबला, वर पाहिलं, टोपी काढली आणि गेला.

अवसेच्या उधाणाला पाणी पुन्हा पिंपांपर्यंत आलं. गलबत हळूच सरळ झालं, पाळणा पहिल्यांदाच घराला समांतर झाला, आणि बाळ घाबरून रडलं. किनाऱ्यावर माणसं उभी होती. माझे मालक त्यांत होते. कंपनीनं त्यांना रजा दिली नव्हती, पण नोकरीवरूनही काढलं नव्हतं. पिंपं कुणी उचलली नाहीत. आम्ही लांब गेलो तरी वाळूवर तो गोल दिसत होता, आत काही नसलेला.

रत्नागिरीपर्यंत खलाशी आळीपाळीनं पाणी उपसत होते. वाळूवर कलून राहिल्यानं फळ्यांचे सांधे सुटले होते. मी चाचांना विचारलं तर म्हणाले, "नवीन गलबतं गळतातच." गलबत माझ्या वयाहून मोठं होतं. मी म्हटलं, "अस्सं."

बंदरात फळी टाकली. खाली माझी आई उभी होती, पदर तोंडाशी धरून. मी बाळ घेऊन फळीशी आले. चाचांनी कोपर धरलं आणि बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. जिल्हा संपला म्हणावं तर पुढं जिल्हाच होता. लागला म्हणावं तर तो पंधरवडाभर लागलेलाच होता. मी उतरले तरी कोपर थोडा वेळ त्यांच्या हातातच राहिलं.

त्या गलबतानं त्यानंतर दोन हंगाम कसेबसे काढले. मग मोडीत गेलं. चाचा पुन्हा आखातात आले नाहीत.

आता मी दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये थोरल्याच्या घरी असते. गॅलरीतून समुद्र दिसत नाही, दुसऱ्यांच्या गॅलऱ्या दिसतात. जन्म कुठला विचारलं तर थोरला खुशाल रत्नागिरी सांगतो. त्याची मुलगी कायदा शिकते. तिला ही सगळी गोष्ट मी सांगितली, तर ती म्हणाली, "दादी, दॅट्स नॉट ज्युरिस्डिक्शन. दॅट्स जस्ट अ बोट." मी तिला कांदे सोलायला बसवलं.

पण शंका तिनं घातलीच. खरं तर ती मलाही पूर्वी आली होती. थोरला सहा वर्षांचा असताना मी त्याला घेऊन चाचांच्या गावी गेले होते. ती शेवटची भेट. अंगणात ते एका बाकावर बसलेले, आणि बाक मला ओळखीचा वाटला. कडेला त्याच फळीच्या खुणा, जिच्यावरून आम्ही चढायचो. दृष्टी मंदावली होती. त्यांनी मुलाचं कोपर चाचपून धरलं आणि सोडलं नाही. परत निघताना मी विचारलं, "चाचा, खरं सांगा. त्या दिवशी ऐकवलात तसा 'पाणी लागेपर्यंत बेट' असा कायदा होता काय?"

ते हसले नाहीत. समुद्र होता त्या बाजूला तोंड करून म्हणाले, "कायदा मना कुठला ठावं गो? भरती येत होती म्हणून तो सांगितला. ओहोटी असती तर दुसरा सांगितला असता."